रिकाम्या टोपातली पळी

आमच्या शहापूरच्या हॉस्टेलात मुलींना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारत. "ए डोळखांब, बादली सोड." "किन्हवली, तुझी फणी दे." हा नियम कोणी केला नव्हता, पण तो मोडायची कुणाची टाप नव्हती. मी भातसानगर झाले. माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी धसईजवळच्या एका वाडीतली होती, पण ती वाडी कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून बाजाराच्या गावावरून ती धसई झाली. तिसरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा गाव आता नाय. पाण्याखाली गेला." मी मान खाली घातली, कारण ज्या धरणात तिचं गाव गेलं त्याच धरणावर माझे वडील नोकरीला होते आणि त्याच धरणाच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. तिला काय म्हणावं हे कुणाला सुचेना. पुढं बघितलं तर ती सगळ्यांच्या आधी उठून खोली झाडायची, आजारी मुलीचे कपडे न सांगता धुऊन टाकायची. वयानं माझ्याएवढीच होती, पण आम्ही तिला 'मोठी' म्हणायला लागलो आणि ते नाव तिला जन्मभर चिकटलं.

मोठी मागच्या दिवाळीच्या आधी गेली. आता मी आणि धसई अशा दोघीच उरलो आहोत, आणि आमचं एकमेकींशी फारसं पटत नाही. धसई मोठ्यानं बोलते, मी लवकर चिडते. आम्हा दोघींच्या मध्ये मोठी बसायची म्हणून चाळीस वर्षं मैत्री टिकली. आता फोनवर दोघी बोलतो तेव्हा मध्येच गप्प होतो. मध्ये पडणारं माणूसच नाही, तर भांडायचं तरी कशाला!

तिचं दुखणं जिभेच्या कडेला सुरू झालं. एक बारीक गाठ होती. शाळेत शिकवताना बोलायला त्रास व्हायचा, तरी ती "दात लागतोय" म्हणून सांगत राहिली. नवऱ्याच्या माघारी ती वाशिंदला मुलाकडे राहायची. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. दोघांनी विचारलं की हिचं उत्तर ठरलेलं, "काय नाय होत मला." ते "काय नाय" इतके महिने चाललं की शेवटी डॉक्टरांनी जिभेचा तुकडाच काढला. मग रेडिएशनचे शेक दिले. शेकांनी तोंडातलं पाणी आटलं आणि चव गेली. गोड नाही, तिखट नाही, मीठसुद्धा नाही.

मे संपत आला होता तेव्हा तिच्या सुनेचा मला फोन आला. रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुमी या. आईंचं वजन उतरतच चाललंय. डॉक्टर म्हणतात, तोंडानं खात नसतील तर नळी घालू. आमी विचारतो, आई, भूक लागली का? तर म्हणतात, पोट भरलंय. दोन चमचे पेज पिऊन पोट भरतं का कुणाचं? आता त्यांना खरंच भूक नाय, का त्या सांगत नायत, तेच आमाला कळत नाय. तुमी विचारा ना."

मी धसईला कळवलं. म्हटलं, तू आणि मी मिळून तिच्याकडून एकदा खरं काढून घेऊ. धसई म्हणाली, "मी बोलती करते बघ तिला. तू नुसती मध्ये मध्ये करू नकोस."

मी शहापूरहून पोचले तेव्हा धसई माझ्या आधीच येऊन वाशिंदच्या त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात पिशवी ओतलेली. पिशवीतून काय निघालं, तर शेवळाच्या जुड्या! मला झीटच यायची बाकी होती.

ज्यांना शेवळं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मुरबाड-शहापूरच्या रानात जमिनीतून हे तपकिरी कोंब वर येतात. बाया जुड्या बांधून बाजारात आणतात. मटणाच्या वरची भाजी म्हणतात लोक. पण ती नीट केली नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस गळा धरून अंगणात नाचतो. म्हणून तिच्याबरोबर काकड नावाची हिरवी आंबट फळं विकतात. ती उकडून त्यांचा कोळ भाजीत घातला की खाज मरते.

"तोंडाच्या पेशंटला शेवळं? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले.

"काकड आणलीत ना गो बचकभर. बस खाली. हात लाव जरा."

मोठी भिंतीला टेकून खुर्चीवर बसली होती. गळ्याभोवती ओढणी, गाल आत गेलेले, हात काटक्या झालेले. बोलणं ऑपरेशननंतर जड झालं होतं, शब्द एकेक करून बाहेर यायचा. पण मला चिडलेली बघून तिच्या डोळ्यांत हसू आलं. तिनं हात पुढं केला आणि एक जुडी मांडीवर ओढून घेतली. मग आम्ही तिघी शेवळं सोलायला बसलो. बोटांना तेल लावायचं, वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा. सून दारात उभी होती.

"हिला शेवळांची भीती का, माहीत हाय का तुला?" धसईनं सुनेला विचारलं. "सांग गो घाटावरची, सांग तिला."

मग मला सांगावंच लागलं. माझे आईवडील घाटावरचे. वडिलांची बदली धरणावर झाली आणि आम्ही कॉलनीत आलो तेव्हा आईला इथलं एक पान ओळखू येत नव्हतं. दारावर एक बाई शेवळं घेऊन आली. स्वस्त होती, ताजी होती, आईनं घेतली. बाई बरोबर काकडही देत होती, पण आईला वाटलं, ही आपल्या गळ्यात अजून काहीतरी मारायला बघते. आईनं ती परत केली आणि शेंगदाण्याचं कूट लावून झकास भाजी केली. वर शेजारच्या दोन घरी वाटीवाटी पाठवली, तीही घाटावरचीच माणसं. संध्याकाळी आमची सगळी ओळ खोकत होती. वडील तांब्यावर तांब्या पाणी पीत होते, आणि शेजारचे काका जीभ बाहेर काढून बसले होते. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. मला वाटलं, आपण सगळे मरणार. आईनं ते भांडंच उकिरड्यावर नेऊन पालथं केलं आणि त्या दिवसापासून घरात फर्मान निघालं, माहितीचं तेवढंच खायचं.

सून हसली. मोठीही हसली, पण तिला हसताना दुखत होतं.

पण मी हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी नुसतं खाण्याचं बोलत नव्हते. आईचं ते फर्मान मी सगळीकडे पाळलं. मी कुठंही गेले तरी हॉटेलात तीच एक डिश मागवते. नाशिकला बढती मिळत होती, नवीन गाव म्हणून नाकारली. वडिलांच्याच खात्यात कारकून म्हणून लागले आणि त्याच टेबलावर म्हातारी झाले. मी हे तोंडानं बोललेसुद्धा. धसई म्हणाली, "एका भाजीनं तुझी वाट लावली बघ." हे तिनं थट्टेत म्हटलं, तरी मला लागलं.

धसईचं घर अगदी उलट. भरलेलं घर, चुलते, चुलत्या, पोरांची जत्रा. भाताच्या कणग्या भरलेल्या, पण पंगतीला जो ओरडेल त्याच्या ताटात आधी पडायचं. ती सगळ्यांत धाकटी. "मी बोंबलले नसते तर उपाशी मेले असते," ती म्हणाली. "आमच्यात लाजला तो गेला. म्हणून मी अजून गरम गरम खाते, तोंड पोळलं तरी चालेल. आणि मागून घेते. बाजारात मागून घेते, घरात मागून घेते. देवाकडं पण मोठ्यानंच मागते मी, त्याला तरी ऐकू गेलं पायजे ना!"

मग तिनं काकड चुलीवर, म्हणजे गॅसवर, उकडायला ठेवली आणि वळून मोठीला विचारलं, "आन् तू गो? तुझ्या घरी कशी व्हायची शेवळं?"

हा प्रश्न आम्ही तिला कधी विचारला नव्हता. हॉस्टेलात आवडीनिवडीच्या गप्पा निघाल्या की मोठी म्हणायची, मला सगळं आवडतं. आम्ही ते खरं मानलं. तिच्या ताटात कधी काही उरलं नाही आणि तिनं कधी दुसऱ्यांदा घेतलं नाही. वाढायला आलेल्या बाईच्या हातासमोर तिचा हात आधीच आडवा असायचा, "पोट भरलंय."

तिनं हातातलं शेवळ सोलून बाजूला ठेवलं. मग हळूहळू, थांबत थांबत बोलली. ती एकदम एवढं बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही.

गाव उठलं तेव्हा ती लहान होती. नवीन जागेत घर झालं, पण शेत नीट मिळालं नाही. वडील मजुरीला जायचे. पाठची चार भावंडं. रात्री पेजेचा टोप चुलीवरून उतरायचा आणि आई वाढायला बसायची. मुलांना वाढून झालं, वडिलांना वाढून झालं, की टोपात काही राहायचं नाही. पण आई रिकाम्या टोपात पळी फिरवत राहायची. खडखड, खडखड. वडिलांना वाटायचं, अजून आहे, बायकोला उरलंय. मुलांना वाटायचं, अजून आहे, सावकाश खाऊ. त्या आवाजावर सगळं घर निवांत जेवायचं.

"मी चुलीच्या बाजूला बसायचे," मोठी म्हणाली. "मला टोप आतून दिसायचा."

तिला टोप आतून दिसायचा, म्हणून पळी तिच्या ताटाकडे यायच्या आधीच ती हात आडवा धरायची. पोट भरलंय. मग तिच्या वाटणीची पळी आईच्या पोटात जायची. हे दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. आई आईच्या जागी पळी वाजवत राहिली, ही हिच्या जागी हात आडवा धरत राहिली. "शेवळांचं म्हणशील तर," ती म्हणाली, "आमी रानातून काढायचो आन् विकायचो. घरात नाय केली कधी."

माझ्या हातातलं शेवळ तसंच राहिलं. आमच्या कॉलनीत चोवीस तास नळाला पाणी होतं. मी नळ सोडून त्याच्याखाली पाय धरून खेळायचे. तिनं त्या पाण्याबद्दल मला जन्मात एक शब्द ऐकवला नव्हता. मला रडू आलं आणि मी कांदा ओढून चिरायला घेतला.

धसईनं भाजी शिजवली, मिरची न घालता, अगदी मऊ, काकडाचा कोळ भरपूर घालून. भात आसट केला. भाजी झाल्यावर तिनं टोप खाली उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. कोणीतरी आधी खाऊन बघायला हवं होतं. ती स्वतः खाऊन बघेल तर तिचा घसा लहानपणापासून सरावलेला, त्याचा काय भरवसा! मी बशी पुढं केली. डोळे मिटून भाजी तोंडात घातली. मी गिळलं आणि वाट बघितली. आंबूस, तेलकट, मातीच्या जवळची अशी काहीतरी चव होती. घसा शांत होता.

"नाही खाजत," मी म्हणाले.

सुनेनं मोठीसमोर वाटी ठेवली. वाटीत भात कुस्करून त्यात भाजी मिसळली. मोठीनं लगेच हात आडवा धरला. "थोडंसंच दे. पोट भरलंय माझं."

"भरलंय?" धसईचा आवाज चढला. "सकाळपासून काय खाल्लंस गो तू?"

"खाल्लं ना."

"काय खाल्लंस, सांग."

सून म्हणाली, "चहा घेतलाय अर्धा कप."

मला वाटलं, आता धसई आरडाओरडा करणार. मी तिला आवरायला उठले होते. पण ती ओरडली नाही. तिनं भाताचा टोप दोन्ही हातांनी उचलला, गरम होता तरी पदरानं धरून उचलला, आणि मोठीच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून तो तिच्याकडे वाकडा केला.

"बघ आत. नीट बघ. भरलाय का नाय?"

मोठीनं वाकून बघितलं. टोपात आम्हा सगळ्यांना पुरून उरेल एवढा भात होता. मग धसईनं भाजीचा टोप वाकडा करून दाखवला. मग सुनेला म्हणाली, "तांदळाचा डबा आण." सुनेनं डबा आणला, झाकण काढून तोही दाखवला.

"आमचं सगळ्यांचं होऊन उरतंय," धसई म्हणाली. "तुझ्या आईचं पण झालंय. आता बोल. भूक हाय का नाय?"

मोठी त्या टोपाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तोंडात पाणीच नव्हतं, शब्द चिकटत होते. मी तिला घोटभर पाणी पाजलं.

"हाय," ती म्हणाली. "लय भूक हाय गो मला."

सून डबा हातात धरून तशीच खाली बसली. "आई, मग इतके दिवस का नाय म्हणायच्या?"

"तुमी अजून जेवायचे असायचे," मोठी म्हणाली.

त्या घरात फ्रीज भरलेला होता, महिन्याचं सामान कपाटात मावत नव्हतं. मुलगा-सून दोघं कमावते. आणि ही बाई रोज खुर्चीत बसून त्यांच्या टोपाचा अंदाज घेत होती.

तिनं घास घेतला. तो खाली उतरायला फार वेळ लागला. आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. धसईनं विचारलं, "कसं लागतंय?"

आधीची मोठी असती तर छान म्हणाली असती. तिनं मान हलवली. "काहीच नाय लागत. कळतच नाय काही." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पण वाढ अजून."

त्या दिवसापासून त्या घरात पद्धतच पडली. पेज असो, खिमट असो, सून आधी टोप तिच्यासमोर वाकडा करायची आणि मग विचारायची. मोठी आत बघायची आणि खरं सांगायची. कधी "दे", कधी "मघाशीच खाल्लं, आता नको". नळी घालायचं पुढं गेलं. श्रावणात मी भेटायला गेले तेव्हा ती सुनेला म्हणत होती, "मला साबुदाण्याची खीर नको, रव्याची कर." मी घरी येताना वाटभर डोळे पुसत होते. साठीला आलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या आवडीचं मागत होती, आणि तेही चव गेल्यावर. मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना.

मग गाठ मानेला पुन्हा आली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, त्रास देऊ नका.

भातकापणी चालू होती. धसई कापणी टाकून आली, बरोबर नव्या तांदळाची पुरचुंडी घेऊन. मीही पोचले. मोठी पलंगावर होती, उशीत बुडून गेली होती. धसईनं नव्या तांदळाची पातळ पेज केली. सगळ्या घरभर त्या तांदळाचा वास सुटला. तिनं टोप आणला, पलंगाच्या कडेला बसली आणि नेहमीसारखा वाकडा करून धरला.

मोठीनं मान वळवली आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चादरीवरचा हात उचलून आडवा धरला.

"नको. पोट भरलंय."

धसईचे डोळे भरून आले. "खरं सांग गो. शपथ घे."

"टोप बघितला मी," मोठी म्हणाली. "भरलाय. तरी नको."

धसईनं टोप माझ्या हातात दिला. मी तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला आणि त्यावर झाकण घातलं. ती मागोमाग येऊन माझ्याजवळ उभी राहिली. चाळीस वर्षांत मोठीचं 'पोट भरलंय' पहिल्यांदाच खरं होतं.